कॅसिनीने ‘बलिदान’ दिलं नव्हतं

सप्टेंबर आला की तो मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘शनीच्या चंद्रांवरचं जीवन वाचवण्यासाठी कॅसिनी यानाने स्वतःचा प्राण दिला.’ वाचून डोळे पाणावतात, माझेही पाणावले होते. पण हे खरं नाही.

१५ सप्टेंबर २०१७ ला कॅसिनी, म्हणजे शनीचा अभ्यास करणारं मानवरहित यान, शनीच्या वातावरणात जळून गेलं. इंधन संपत आलं होतं. ताबा सुटलेलं यान एन्सेलॅडस किंवा टायटन या शनीच्या चंद्रांवर आदळलं असतं, तर त्याला चिकटून गेलेले पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तिथे पोचण्याचा धोका होता. तिथे जीवन सापडलेलं नाही. असलंच तर ते बिघडू नये, एवढ्याच खबरदारीसाठी यान मुद्दाम शनीत पाडलं. हा विचार आणि निर्णय माणसांचा. एप्रिलमध्ये टायटनच्या गुरुत्वाकर्षणाने कक्षा वळवली, तेव्हाच शेवट ठरला.

‘शेवटच्या क्षणी झुंजलं’ म्हणतात, त्यामागेही साधी यंत्रणा आहे. विरळ हवा यानाला ढकलू लागली, तसे छोटे थ्रस्टर (यानाची दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं) जोर वाढवत अँटेना पृथ्वीकडे धरून राहिले. मिनिटभरात ते पूर्ण ताकदीवर पोचले, मग यान कलंडलं. संदेशाला पृथ्वीवर पोचायला ८३ मिनिटं लागत होती, म्हणून तेवढ्या वेळाने, आपल्याकडे संध्याकाळी ५ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास, तो इथे थांबला.

बलिदानासाठी ‘नाही’ म्हणता यावं लागतं. कॅसिनीला ते शक्यच नव्हतं. आणि श्रेय यंत्राला दिलं की, तेरा वर्षं शनीभोवती फिरवलेलं यान स्वतःच्या हाताने संपवणारी माणसं गोष्टीतून गायब होतात. मला हेच जास्त खटकतं.