जुन्या डेस्कटॉप डेटाबेसचे स्थलांतर (ग्रामीण विदर्भ)

एकाच संगणकावर, किंवा कार्यालयातील दोन-चार जोडलेल्या संगणकांवर, चालणाऱ्या जुन्या डेटाबेसमधील नोंदी त्यांचा अर्थ न बदलता सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत नेणे म्हणजे डेस्कटॉप डेटाबेसचे स्थलांतर होय. विदर्भातील खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत हा प्रश्न मुख्यतः सेवा सहकारी संस्था, पतसंस्था, जिनिंग आणि अडत दुकाने यांच्यापुढे येतो. पीककर्जाची खाती, काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) आणि कापसाचे चुकारे यांचा जुना हिशेब अनेकदा डॉस (विंडोजपूर्वीची संगणक प्रणाली) वरील फॉक्सप्रो किंवा ॲक्सेस ९७ या डेटाबेस प्रोग्राममध्ये असतो. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिल्यानंतर या हिशेबाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न या संस्थांचे दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवांना टाळता येण्यासारखा राहिला नाही.

फाईल मुळी उघडतच नाही, ही अडचण सर्वांत आधी दिसते. मात्र ती सर्वांत सोपीही आहे. डॉसवरील सोळा-बिट प्रोग्राम चौसष्ट-बिट विंडोजवर चालत नाहीत. ॲक्सेस ९७ च्या फाईल ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या स्वीकारत नाहीत, म्हणून ॲक्सेस २००३ किंवा २०१० मध्ये त्यांचे मधले रूपांतर करून घ्यावे लागते. २००७ मध्ये आलेल्या ॲक्सेसच्या एसीसीडीबी या नव्या फाईल-स्वरूपात वापरकर्तानिहाय परवानग्यांची जुनी पद्धत नाही. ती हवीच असेल तर फाईल जुन्या एमडीबी स्वरूपातच ठेवावी लागते. चौसष्ट-बिट ऑफिसमध्ये जुने जेट ४.० (ॲक्सेसच्या फाईली वाचणारे इंजिन) चालत नाही आणि व्हीबीए या ऑफिसच्या प्रोग्रामिंग भाषेतील डिक्लेअर ओळींत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालावा लागतो. नोंद लिहिली जात असताना वीज गेल्यामुळे खराब झालेली फाईल ॲक्सेसमधील ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ने बहुधा उघडते, पण वाचता न आलेल्या नोंदी या दुरुस्तीत गळू शकतात. भारनियमनाच्या काळात चाललेल्या फाईलींबाबत हा धोका गृहीत धरावा आणि दुरुस्ती मूळ फाईलवर न करता तिच्या प्रतीवरच करावी.

खरी अडचण फाईल विनातक्रार उघडते तेव्हा सुरू होते. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाईलमध्ये खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर केवळ खूण होते आणि ‘पॅक’ आज्ञा दिल्यावरच ती खरोखर जाते. ही खूण न पाहणाऱ्या साधनाने फाईल वाचली, तर वर्षांपूर्वी कर्ज फेडून कमी केलेला सभासद थकबाकीदार म्हणून पुन्हा यादीत उभा राहतो. वसुलीची नोटीस चुकीच्या घरी गेल्यावर हा दोष कळावा, यापेक्षा नोंदींची संख्या खूण धरून आणि न धरून दोनदा मोजलेली बरी.

मराठी मजकुराचा गुंता याहून मोठा आहे. जुन्या फाईलींत मराठी तीन प्रकारे सापडते: रोमन अक्षरांत लिहिलेली, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डावर टंकून इस्की या भारतीय लिपींसाठीच्या जुन्या संकेतात साठवलेली, आणि विशिष्ट फाँट असेल तरच वाचता येणारी. तिसऱ्या प्रकारात अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या आजच्या समान संकेतात, हा क्रम उलटा असल्याने नुसता फाँट बदलून काम भागत नाही. त्यातच ॲक्सेसचा डीबीएफ आयातक मजकूर डॉसच्या संकेतातला समजून तो विंडोजच्या संकेतात बदलतो. या बदलात मूळ संकेतांक हरवले, तर पुढे कितीही चांगला परिवर्तक आणला तरी नाव जुळत नाही. म्हणून आयातीपूर्वी विंडोजच्या रजिस्ट्रीतील (सेटिंग्जच्या साठ्यातील) ‘डेटाकोडपेज’ ‘ओईएम’ (डॉसचा संकेत) वरून ‘आन्सी’ (विंडोजचा संकेत) वर आणावे किंवा डीबीएफ फाईल स्वतंत्र साधनाने वाचावी.

‘वऱ्हाडे’ हे आडनाव या बाबतीत चांगली कसोटी आहे. त्यातील ऱ्ह युनिकोडमध्ये ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, तसाच ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे ठरतात, आणि युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. परिवर्तकाने एक रूप दिले आणि कारकुनाने नव्याने दुसरे टंकले, तर एकाच शेतकऱ्याची दोन खाती तयार होतात. संस्थेने एक रूप ठरवून सगळ्या नोंदी आधीच त्यात आणणे, हाच यावर टिकणारा उपाय आहे.

तारखा आणि क्रमांक यांच्या चुका लहान दिसतात, पण त्या हिशेबात शिरतात. ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेत) ०३/०४/१९९८ ही तारीख महिना आधी धरून ४ मार्च अशी वाचली जाते, तर २५/०४/१९९८ बरोबर वाचली जाते. त्यामुळे वरवर तपासणाऱ्याला सगळे ठीक वाटते. दोन अंकी वर्षांत ०० ते २९ हे अंक २००० नंतरचे धरले जात असल्याने १९२८ साली जन्मलेला सभासद २०२८ मध्ये जन्मतो. मजकूर एक्सेलमधून नेला, तर गट क्रमांक ३/२ ची तारीख होते, ००४२ या खाते क्रमांकातील सुरुवातीची शून्ये गळतात आणि पंधरा अंकांहून लांब बँक खाते क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात. हे सर्व स्तंभ आयातीपूर्वीच मजकूर म्हणून घोषित करावे लागतात.

स्थलांतर पुरे झाले की नाही, याचा निवाडा छापील खतावणीवरून करावा. प्रत्येक वर्षाची येणे बाकी, सभासदसंख्या आणि चुकाऱ्याची एकूण रक्कम जुन्या छापील पानाशी ताडून पाहावी. रुपयाचाही फरक निघाला तर तो किरकोळ म्हणून न सोडता खाते शोधून काढावे, कारण एकमेकांना खोडणाऱ्या दोन मोठ्या चुकांतूनही लहान फरक उरतो. जुनी फाईल केवळ वाचनासाठी खुली ठेवून तिची एक प्रत कार्यालयाबाहेर जपावी, आणि जुना संगणक निदान पुढील लेखापरीक्षण होईपर्यंत भंगारात देऊ नये.