सव्वा महिन्याची पेज: कोकणातल्या बाळंतिणीच्या पथ्यामागचा इतिहास

आमच्या घरी आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरताना, आषाढ-श्रावणात कुणी मुलगी बाळंतपणाला येणार असेल तर वाण्याच्या यादीत एक जास्तीचा कप्पा असायचा: अळीव, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, डिंक, खारीक, वावडिंग, वेखंड. कुळीथ घरचेच, तेही जुने. पाऊस लागला की वहाळ भरून वाहायचे आणि बाजार चार-चार दिवस तुटायचा, म्हणून हे सगळं मृगाआधी डब्यात पडलेलं असे. ही यादी कुठे लिहिलेली नव्हती. आजीला तोंडपाठ होती, तिला तिच्या सासूकडून मिळाली होती.

या यादीला 'आयुर्वेदिक' म्हणण्याची पद्धत अलीकडची. आजी तिला फक्त 'बाळंतिणीचं' म्हणायची. पण आयुर्वेदाच्या जुन्या संहिता, म्हणजे चरक, सुश्रुत, वाग्भट यांचे ग्रंथ, उघडल्या की तिच्या स्वयंपाकघरातल्या पुष्कळ गोष्टी तिथे भेटतात, आणि काही मुळीच भेटत नाहीत. दोन्हींचा मागोवा घेण्यासारखा आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातला, म्हणजे शरीर आणि गर्भ यांवरच्या भागातला, आठवा अध्याय गर्भधारणेपासून बाळाच्या संगोपनापर्यंत सगळं सांगतो. त्यात सूतिकेला, म्हणजे बाळंतिणीला, भूक लागली की पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचं चूर्ण घालून तूप किंवा तेल पचेल इतकं पाजावं, पोटाला तूप-तेल चोळून मोठ्या कापडाने ते गुंडाळावं, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेत वायू शिरून त्रास देणार नाही, असं म्हटलं आहे. हा स्नेह, म्हणजे तूप-तेल, पचला की पातळ यवागू. पाच-सात रात्री असं झाल्यावरच हळूहळू पुष्टीचं खाणं. वाग्भटाने हेच अष्टांगहृदयात आटोपशीर श्लोकांत बांधलं आणि स्नेहावर गुळाचं गरम पाणी प्यायला सांगितलं. सुंठ-गुळाची गोळी आणि पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा आमच्याकडे कालपरवापर्यंत होता. पट्टा बांधणाऱ्या सुईणीला चरक माहीत नव्हता, पण पोट 'उघडं' राहिलं तर वारा धरतो, हे कारण ती त्याच शब्दांत सांगायची.

यवागू म्हणजे काय, हे कोकणी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून केलेली पेज ती हीच. पेज हा शब्दही संस्कृत 'पेया'वरूनच आला. आमच्याकडे ती उकड्या तांदळाची, चिमूटभर मीठ घातलेली, वर घरच्या तुपाचा थेंब. पहिले दिवस पेज, मग गुरगुट्या भात, मग मऊ भातावर कुळथाचं कळण, म्हणजे शिजवलेल्या कुळथाचं पाणी. सुश्रुताने शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात हाच क्रम दिला आहे. तीन रात्री औषधी वनस्पतींनी सिद्ध केलेली यवागू, तुपातली किंवा दुधातली; आणि त्यानंतर जव, बोरं नि कुळीथ घालून केलेल्या मांसरसाबरोबर साळीचा भात. कुलत्थ म्हणजे आपला कुळीथ. ज्या कडधान्याला बाकी महाराष्ट्रात फारसं कुणी विचारत नाही, ते कोकणात पिठीच्या रूपाने रोज ताटात असतं आणि बाळंतिणीला हमखास मिळतं.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. ग्रंथकारांनी सगळ्या बाळंतिणींना एकच पथ्य सांगितलेलं नाही. सुश्रुतानेही कोरड्या, रुक्ष प्रदेशातल्या स्त्रीसाठी तुपा-तेलाचं वेगळं विधान केलं आहे. पण देशभेदाचा विचार खरा उलगडला काश्यपसंहितेत. स्त्रिया आणि बालकं यांच्यावरचा हा मुख्य ग्रंथ, आणि त्याच्या खिलस्थानात, म्हणजे शेवटी जोडलेल्या पुरवणी भागात, बाळंतिणीच्या उपचारांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात म्हटलं आहे की आनूप देशात, म्हणजे पाणथळ, दमट मुलखात, वात-कफाचे विकार जास्त. तिथे ओलावा मुळातच अधिक म्हणून सुरुवातीला तूप-तेल पाजू नये, पचनाचा अग्नी वाढवणारी द्रव्यं घातलेला मंड, म्हणजे पेजेवरचं निवळ पाणी, द्यावा, शेक द्यावा, वारा लागणार नाही अशा जागी झोपवावं आणि सगळं काही उष्ण असावं. कोरड्या जांगल देशात मात्र स्नेह हवा.

आनूप देश कसा असतो, हे चरकाच्या कल्पस्थानात आहे: हिंताल, तमाल, नारळ आणि केळी यांच्या वनांनी दाटलेला, नद्या आणि समुद्र यांच्या काठचा, गार वाऱ्यांचा. वाचताना मला तर थेट आमची खाडी दिसते. आणि मग आजोळच्या बाळंतिणीच्या खोलीचा अर्थ लागतो. माजघरामागची ती अंधारी खोली, बंद झरोका, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणीच्या साली टाकून केलेली धुरी. पहिल्या दिवसांत तुपाचा थेंबच, मारा नाही. जेवणात लसूण, सुंठ, मिरी. घाटावरच्या लेकी-सुना सांगतात की त्यांच्याकडे पहिल्यापासून बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार असते. कोकणातल्या बायकांनी आपली हवा पाहून आपलं पथ्य ठरवलं होतं, असं मला ठामपणे वाटतं. कारण काश्यपसंहिता वाचून त्यांनी हे ठरवलं असण्याची शक्यताच नाही. तो ग्रंथ शतकानुशतकं हाती नव्हता. नेपाळात त्याची एक खंडित पोथी मिळाली आणि पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रस्तावनेसह ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून 1938 साली प्रसिद्ध झाली. त्या पोथीत लसणीवर एक संपूर्ण अध्याय आहे, शतपुष्पा आणि शतावरी यांच्यावर एक, आणि धुरीवरही एक. शतपुष्पा म्हणजेच बाळंतशेपा. पोथी दडून राहिली, पण डब्यातला बाळंतशेपा कधी संपला नाही.

बाळंतिणीच्या उपचारांवरच्या त्या अध्यायात काश्यप इतर जमातींच्या रीतीही नोंदवतो. परदेशी लोक बाळंतिणीला रक्त, मांसाचं पाणी, कंदमुळं आणि फळं देतात, असं तो कोणतीही चीड न दाखवता सांगतो. आपल्याकडेही एकाच गावात दोन रीती असतात. भट-बामणांच्या घरी मेतकूट-भात आणि शेपूची भाजी, तर भंडारी-गाबितांच्या घरी मुडदुशी माशाचं पातळ कालवण आणि दूध यावं म्हणून मोरी, म्हणजे लहान मुशी मासा. वाग्भटाने बारा दिवस होईपर्यंत मांस देऊ नये, असं स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या गावातही बारसं झाल्याशिवाय मासळी बाळंतिणीच्या ताटात येत नसे.

जे संहितांत भेटत नाही, त्यात पहिला नंबर अळिवाच्या लाडवाचा. चरक-सुश्रुतांच्या सूतिकेला अळीव माहीत नाही. हे बी मूळचं पश्चिम आशियाकडचं. 'चंद्रशूर' या नावाने ते सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात मेथी, ओवा आणि काळं जिरं यांच्याबरोबर 'चतुर्बीज' म्हणून येतं. नारळाच्या पाण्यात किंवा दुधात ते भिजवायचं आणि ओल्या खोबऱ्यात, गुळात शिजवायचं, ही जोड नारळाच्या मुलखाची. लाल मिरची तर पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी तिखटपणा मिरी-पिंपळीचा होता. परंपरा म्हणून ज्याकडे आपण बोट दाखवतो, त्यात दोन हजार वर्षांचं आणि चारशे वर्षांचं एकाच वाटीत असतं. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात हे घरातलं ज्ञान बाजारात आणि दवाखान्यात पोचलं. 1872 मध्ये पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू केला, आणि पुढे आयुर्वेदिक कारखान्यांचे बाळंतकाढे क्रमांक लावलेल्या बाटल्यांतून गावोगाव जाऊ लागले. चूल-काढ्याचा वास घरातून हळूहळू गेला तो त्या बाटल्यांमुळे. त्याच काळात कल्याणला 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकीच्या पदवीसाठी 1886 मध्ये हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. चौदाव्या वर्षी त्यांना झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. कोकणच्या उत्तर टोकाची ही मुलगी या विषयाकडे का वळली असेल, हे वेगळं सांगायला नको.

जुन्या रीतींचा अभिमान बाळगताना काही गोष्टी मी स्पष्टपणे नाकारतो. पहिलं घट्ट दूध, म्हणजे चीक, काढून टाकायचा आणि बाळाला मध-तूप चाटवायचं, ही रीत आमच्याकडेही होती, आणि तिला ग्रंथांचाही काहीसा आधार आहे. वाग्भट-सुश्रुत तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येईपर्यंत मध-तूपच सांगतात. आज आपल्याला ठाऊक आहे की चिकात बाळाला रोगांपासून वाचवणारी द्रव्यं असतात आणि जन्मानंतर पहिल्या तासाभरातच पाजायला लावायचं असतं. वर्षाखालच्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे. बंद खोलीत बाजेखाली निखारे धुमसत ठेवणंही तसंच. त्या धुराने बाळ-बाळंतीण दोघांचाही जीव गुदमरतो. ऊब हवी असेल तर ती गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळते. आणि 'पोट सुटेल' म्हणून पाणी मोजून देणं हा तर मला निव्वळ छळ वाटतो. दूध पाजणारीला तहान लागते, तिने पोटभर प्यावं. कोमट करून, ओवा-बडीशेप उकळून प्या, पण प्या.

सुश्रुत म्हणतो, या विधीने दीड महिना राहिल्यावर ती आहार-आचाराच्या बंधनांतून सुटते आणि 'सूतिका' हे नाव जातं. काहींच्या मते पाळी परत येईपर्यंत ते राहतं. आपला सव्वा महिना त्याच्या जवळपासचा. आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्यसेविका, घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहतात ते तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, हे आजचं शास्त्र सांगतं, आणि हिशोब तिथेच येऊन मिळतो.

पण हा सव्वा महिना कधीच सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. लावणीच्या दिवसांत बाळंत झालेल्या कुळवाड्याच्या सुनेला पंधरा-वीस दिवसांत चिखलात उभं राहावं लागे, असं आजी सांगायची. कोळणीचा बाजार थांबत नसे. अलीकडे काजूच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांचं तेच. 1961 च्या कायद्याने प्रसूतीची पगारी रजा 12 आठवडे दिली, 2017 मध्ये ती पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाली. पण ती नोकरीच्या पुस्तकात नाव असलेल्यांसाठी. सोलून झालेल्या काजूच्या किलोवर पैसे मिळणारीला या कायद्याची तारीख सांगून उपयोग नाही. तिच्यासाठी शेजारणी आळीपाळीने पेज नेऊन देतात, आणि कुळथाचं कळण डब्यात भरून कुणाच्या तरी मुलीच्या हाती पाठवतात.