तानसाकाठची गरम कुंडं: पाणी कुठून येतं, तापतं कशानं?

वज्रेश्वरीला जाऊन आलेला ठाणेकर एकदा तरी म्हणतोच, "खाली ज्वालामुखी आहे, म्हणून पाणी गरम." पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं जातं. गावात दुसरी कथाही ऐकायला मिळते: देवीने मारलेल्या असुरांचं रक्त म्हणजे ही कुंडं. कथा कथेच्या जागी राहू दे. ज्वालामुखीचं मात्र तपासून बघायला हवं, कारण खरी हकीकत त्याहून कितीतरी रंजक आहे.

आधी जागा समजून घेऊ. भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडी नाक्यापर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे वळायचं. पुढे गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली ही गावं तानसा नदीच्या काठाने लागतात. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला, तेव्हा भिवंडी तालुका ठाण्यात राहिला, तर शेजारचे वाडा आणि वसई तालुके पालघरमध्ये गेले. त्यामुळे ही गावं आता जिल्ह्याच्या अगदी कडेला आली आहेत. नदी तीच. वर शहापूर तालुक्यात 1892 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या धरणातून ती आजही मुंबईला पाणी पाजते. इथून पुढे पश्चिमेला जाऊन ती वैतरणेला मिळते.

ज्वालामुखीचा समज उगाच झालेला नाही. इथला काळा पाषाण लाव्हाचाच आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. पण लाव्हा थंड व्हायला कोट्यवधी वर्षं लागत नाहीत. त्या वेळची धग केव्हाच विझली. आज कोकणाखाली जागा ज्वालामुखी नाही.

मग पाणी तापतं कशानं? जमिनीत कुठेही खोल गेलं की तापमान वाढत जातं, दर किलोमीटरला ढोबळमानाने 25 ते 30 अंश सेल्सिअस. ठाण्याच्या जमिनीखालीही आणि नागपूरच्याही. म्हणजे पाऊस एक-दोन किलोमीटर खाली मुरू शकला तर तापायला दुसरं काही लागत नाही. अडचण खाली जाण्याची आणि तितकंच गरम राहून वर येण्याची असते. पाणी सावकाश वर आलं तर वाटेत निवून जातं. त्याला मोकळी, उभी भेग हवी.

आपल्या कोकणात अशा भेगा भरपूर आहेत. माथेरानच्या कड्यांत लाव्हाचे थर आडवे दिसतात. पनवेलच्या आसपास मात्र ते पश्चिमेला झुकू लागतात आणि मुंबईकडे तर समुद्राच्या दिशेने चांगलेच कललेले आहेत. भूशास्त्रात याला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला, त्या काळात हा किनारा ताणला गेला, वाकला आणि उत्तर-दक्षिण तडकला. पालघरमधल्या कोकणेरपासून थेट राजापूरपर्यंत, तीनशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात, किनाऱ्याला समांतर गरम पाण्याचे झरे आहेत ते याच तडकलेल्या पट्ट्यात. अकलोली-गणेशपुरी ही त्या माळेतली उत्तरेकडची ठिकाणं. पाणी नेमकं नदीपाशीच का फुटतं, तेही यातून उलगडतं. डोंगरावर मुरलेल्या पावसाच्या दाबामुळे खालचं गरम पाणी वर ढकललं जातं आणि खोऱ्यातल्या सर्वांत सखल जागी बाहेर पडतं. काही झरे तर थेट तानसेच्या पात्रातच आहेत. पावसाळ्यात ते पुराखाली जातात.

हे पाणी पावसाचंच आहे, याचा एक पुरावा कुंडातच दिसतो. अकलोलीला रामेश्वराच्या देवळाजवळ सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड अशी कुंडं आहेत. आंघोळीची गर्दी नसेल तेव्हा एखाद्याच्या काठावर शांत बसा. तळातून बुडबुड्यांची माळ वर येताना दिसेल. ही वाफ नव्हे, पाणी उकळण्याइतकं गरम नसतंच. कोकणातल्या अशा झऱ्यांच्या वायूत मुख्यतः नायट्रोजन असतो. पावसाच्या थेंबात विरघळलेली हवा पाण्याबरोबर खाली गेली, तिच्यातला ऑक्सिजन खडकाशी होणाऱ्या रासायनिक क्रियांत संपला आणि नायट्रोजन तेवढा परत आला! त्याच्या जोडीला थोडा हेलियमही असतो. युरेनियम, थोरियमच्या किरणोत्सारातून हेलियम तयार होतो आणि ही मूलद्रव्यं काळ्या पाषाणात फार थोडी, ग्रॅनाइटसारख्या खडकात जास्त असतात. म्हणून पाणी लाव्हाचे थर ओलांडून त्याखालच्या पुरातन खडकापर्यंत जाऊन येत असावं, असं मानलं जातं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. त्या इवल्याशा बुडबुड्यात आभाळ आणि पाताळ दोन्हीकडचा माल आहे.

सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदीची अंगठी या वायूने काळवंडते, तेव्हा ती घरी ठेवून गेलेलं बरं. पाणी जिभेला किंचित खारट लागतं. हा खारटपणा खडकातून किती आला आणि पूर्वी जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या पाण्यातून किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

तिथे गेलातच तर देऊळही नीट पाहा. वसईच्या मोहिमेआधी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि 1739 मध्ये किल्ला जिंकल्यावर हे देऊळ बांधलं गेलं. पायऱ्या आणि तटबंदीमुळे ते लहानशा गडासारखंच दिसतं. चैत्रात जत्रा भरते. तेव्हा कुंडांवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून झरे बघायला दिवाळीनंतरचा एखादा आडवार बरा. पाण्यात फार वेळ बसू नये. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच उतरावं. आणि साबण लावू नये.

एक काळजी मात्र मनातून जात नाही. झरा जिवंत राहतो तो जमिनीतल्या पाण्याच्या दाबावर. त्याच भेगेत जवळपास खोल बोअर मारून पंपाने उपसा सुरू झाला तर दाब उतरतो, वरचं थंड पाणी मिसळतं आणि कुंड निवत जातं. असं होतंय की नाही, हे अंदाजाने कळायचं नाही, त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. काठावरच्या शाळांतली मुलं हे काम सहज करू शकतील. प्रयोगशाळेतला शंभर अंशांचा तापमापक घ्यायचा, दर सोमवारी ठरलेल्या कुंडात, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पाण्याची पातळी मोजायला काठावरच्या दगडावर रंगाची एक खूण पुरते.