पोर्ट ४६५ : रद्द झालेला आणि परत आलेला क्रमांक

मेल प्रोग्राममध्ये खाते जोडताना पत्रे पाठवण्यासाठी ४६५ हे पोर्ट (सर्व्हरवरच्या विशिष्ट सेवेचा ठरलेला क्रमांक) निवडावे की ५८७, हा प्रश्न आजही पडतो. त्याचे मूळ १९९८ साली घेतलेल्या एका निर्णयात आहे.

ई-मेल पाठवण्याचा नियमसंच म्हणजे एसएमटीपी १९८२ मध्ये प्रमाणित झाला, तेव्हा त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची किंवा मजकूर गुप्त ठेवण्याची सोय नव्हती. सर्व्हरवरची पत्रे उतरवून घेणारा पॉप १९८४ मध्ये आला आणि त्याची तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये. पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्या आयमॅपची सुरुवात १९८६ ची. पण डायल-अपच्या काळात पत्रे झटपट उतरवून फोन मोकळा करणारा पॉप३ अधिक रुजला, यात नवल नव्हते. या साऱ्या देवाणघेवाणीत पासवर्डही बहुधा उघडाच जाई.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरुवातीपासूनच कूटबद्ध असणाऱ्या जोडणीसाठी वेगळे क्रमांक नोंदवले गेले : आयमॅपला ९९३, पॉप३ ला ९९५ आणि एसएमटीपीला ४६५. यावर आक्षेप असा होता की, प्रत्येक सेवेला दोन-दोन क्रमांक देत गेल्यास मोजके क्रमांक निम्म्या सेवांनाच पुरतील. शिवाय डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणाऱ्या नोंदीत पोर्टचा उल्लेख नसल्यामुळे, समोरच्या सर्व्हरशी कोणत्या पोर्टवर बोलावे हे पाठवणाऱ्या सर्व्हरला कळणार नाही. दुसरा मुद्दा बिनतोड होता, पण तो सर्व्हर-सर्व्हरमधील वाहतुकीपुरताच. वापरकर्त्याचा प्रोग्राम स्वतःच्या ठरलेल्या सर्व्हरशी बोलतो, तिथे ही अडचण उद्भवतच नाही. तरीही १९९८ मध्ये ४६५ ची नोंद रद्द झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वापरकर्त्याच्या प्रोग्रामने आपल्या सर्व्हरकडे पत्रे दाखल करण्यासाठी ५८७ ठरले, आणि १९९९ च्या आरंभी साध्या जोडणीचे मध्येच कूटबद्ध जोडणीत रूपांतर करणारी स्टार्टटीएलएस ही आज्ञा एसएमटीपीत आली. ९९३ आणि ९९५ वापरू नयेत असा सल्लाही त्याच वर्षी दिला गेला, मात्र त्यांच्या नोंदी शाबूत राहिल्या.

पुढे ४६५ हा क्रमांक मेलशी संबंध नसलेल्या सेवेला देण्यात आला, पण जुने मेल प्रोग्राम तोच वापरत राहिले आणि त्यांच्यासाठी सर्व्हर चालवणाऱ्यांनाही तो सुरू ठेवावा लागला. गोंधळात भर म्हणजे, अनेक प्रोग्रामांच्या सेटिंगमध्ये ४६५ च्या पद्धतीला ‘एसएसएल’ आणि ५८७ च्या पद्धतीला ‘टीएलएस’ असे म्हटले जाई, जरी दोन्हींत कूटबद्धता एकाच जातीची असली तरी. स्टार्टटीएलएसमधील उणीव अधिक गंभीर होती : सुरुवातीचा संवाद उघडा असल्याने मध्ये बसलेल्या कोणालाही त्या सोयीची घोषणा गाळून टाकता येते, आणि ‘उपलब्ध असल्यास’ असा पर्याय निवडलेला प्रोग्राम मुकाट्याने उघड्यावरच बोलत राहतो.

जानेवारी २०१८ मध्ये नव्या मार्गदर्शक दस्तऐवजाने पत्रे दाखल करणे आणि वाचणे या दोन्हींसाठी आरंभापासून कूटबद्ध जोडणीला पसंती दिली, आणि दुसऱ्या सेवेची नोंद न हलवता ४६५ पुन्हा मेलला दिले. एका क्रमांकावर दोन सेवा हा अपवाद असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वीस वर्षे प्रत्यक्ष व्यवहारात चाललेल्या गोष्टीला ही उशिरा मिळालेली मान्यताच होय. ५८७ मात्र बाद झालेले नाही. सर्व्हर-सर्व्हरमधील वाहतूक अजूनही एसएमटीपीच्या मूळ पोर्ट २५ वरच स्टार्टटीएलएसच्या आधारे चालते, आणि आपल्याकडे येणारी पत्रे कूटबद्ध जोडणीनेच यावीत असे डोमेनने आधी जाहीर करण्याची सोय २०१८ च्याच सप्टेंबरमध्ये प्रमाणित झाली.