फुप्फुसाला हलवतो कोण? श्वसनाच्या यांत्रिकीची पार्श्वभूमी

लोहाराचा भाता हवा शिरल्यामुळे उघडत नाही; तो उघडला जातो म्हणून हवा आत शिरते. छातीचेही तसेच आहे. स्वतःला फुगवू शकेल असा स्नायू फुप्फुसात नाही. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि वायुकोशांतील, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांतील, दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका उतरतो. शांत श्वासाबरोबर येणाऱ्या सुमारे ५०० मिलिलिटर हवेला एवढा फरक पुरतो. शालेय पुस्तकात चार ओळींत मावणारी ही गोष्ट उलगडायला शतके लागली.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याला त्यातले बरेच दिसले होते. प्राण्यांचा मज्जारज्जू मानेत निरनिराळ्या जागी छेदून त्याने दाखवले की छेद पुरेसा वर असेल तर श्वास तत्काळ थांबतो, आणि थोडा खाली असेल तर श्वासपटल एकटेच काम रेटत राहते. पण श्वास कशासाठी, याचे त्याचे उत्तर ‘हृदयातील उष्णता शमवण्यासाठी’ असे होते, आणि त्याच्या अधिकारामुळे ते युरोपात दीड हजार वर्षे टिकले.

हवेला वजन आणि दाब असतो हे टॉरिचेली व बॉइल यांच्या प्रयोगांतून सतराव्या शतकात स्पष्ट झाल्यावरच छातीचे कोडे सुटू शकले. १६६१ मध्ये माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून हवेचे कप्पे आणि त्यांवरील केशवाहिन्या पाहिल्या. फुप्फुसाची हालचालच जीव तगवते, अशी समजूत मात्र कायम होती. १६६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे रॉबर्ट हुक यांनी एका कुत्र्याची छाती उघडली, फुप्फुसांच्या पृष्ठभागाला बारीक छिद्रे पाडली आणि दोन भात्यांनी हवेचा अखंड झोत सोडला. फुप्फुसे फुगलेल्या स्थितीत निश्चल राहिली, तरी हृदय चालू होते. झोत थांबताच आचके सुरू झाले. हालचाल हे ताजी हवा पोहोचवण्याचे निव्वळ साधन ठरले. (तीन वर्षांपूर्वीच्या अशाच प्रयोगातील प्राण्याचे हाल पाहून हुक यांनी तो पुन्हा करण्याची अनिच्छा बॉइल यांना कळवली होती, हेही नोंदवायला हवे.) पुढच्याच वर्षी जॉन मेयो यांनी भात्यात मूत्राशयाची पिशवी बसवून छातीची प्रतिकृती मांडली: भाता उघडला की पिशवी आपोआप भरते.

जीव तगवणारा हवेतील नेमका घटक प्राणवायू, हे लाव्हाझिए यांच्या काळात ठरले; १८४६ मध्ये जॉन हचिन्सन यांनी श्वासमापक यंत्राने दोन हजारांवर माणसे मोजून फुप्फुसांची क्षमता उंचीनुसार वाढते असे दाखवले. उच्छ्वासाचे गणित तर सुटल्यासारखेच वाटत होते: ताणलेले फुप्फुस रबरासारखे आपोआप आक्रसते, आणि ते त्यातील लवचीक तंतूंमुळे.

हा समज अपुरा होता. १९२९ मध्ये फॉन नीरगार्ड यांनी डुकराचे फुप्फुस एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवले. द्रवाने ते कितीतरी कमी दाबात फुगले. द्रव भरला की वायुकोशांच्या ओल्या आतल्या पृष्ठभागावर हवेची सीमा उरत नाही, म्हणजे पृष्ठताण, द्रवाच्या पृष्ठभागाची आक्रसण्याची ओढ, हीही उरत नाही. आक्रसण्याच्या ओढीचा मोठा वाटा तंतूंचा नसून त्या ओलीचा होता. एवढा महत्त्वाचा शोध पंचवीसएक वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला, याचे नवल वाटते. १९५५ मध्ये पॅटल यांना फुप्फुसातील फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ असल्याचे आढळले, १९५७ मध्ये क्लेमेंट्स यांनी पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला, आणि पृष्ठताण उतरवणारे एक स्निग्ध आवरण फुप्फुस स्वतःच तयार करते हे कळले. त्याच्याशिवाय सुमारे एक पंचमांश मिलिमीटर व्यासाचे वायुकोश उच्छ्वासाच्या शेवटी मिटून जातील.

१९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या जीवघेण्या श्वासविकारात नेमके हेच आवरण कमी असते असे दाखवले. कारण कळले, उपाय नव्हता: १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच विकाराने ३९ तासांत दगावला. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला हा पदार्थ अशा दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला, आणि मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहू लागले.