दुर्बिणीआधीचे टेबल

दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे थेट छायाचित्र घेणे फार अवघड. आपली सूर्यमालाच लांबून पाहिली, तर दृश्य प्रकाशात पृथ्वी सूर्याच्या सुमारे हजार कोटी पट अंधुक दिसेल. नुकतेच जन्मलेले, अजून तापलेले महाकाय ग्रह अवरक्त प्रकाशात त्या मानाने बरे: ताऱ्याच्या लाखपट ते दहा लाखपट अंधुक. आज जमिनीवरच्या दुर्बिणींनी ज्यांची थेट छायाचित्रे घेतली आहेत, ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या जातीचे. तिथवर पोहोचायलाही साठेक वर्षे लागली, आणि त्यातला बराच काळ आकाशाकडे बघण्यात नव्हे, तर बंद खोलीतल्या चाचणीच्या टेबलावर गेला.

अडचण हवेची. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना सेकंदाच्या हजाराव्या भागात वेडावाकडा होतो. न्यूटनने १७०४ मध्येच यावर उंच डोंगरावरची शांत हवा हाच उपाय सुचवला होता. हवेची खोड आरशाने दुरुस्त करावी, असे १९५३ मध्ये होरेस बॅबकॉक यांनी मांडले. आरशावर तेलाचा पातळ थर पसरायचा आणि इलेक्ट्रॉनच्या झोताने त्याला हव्या तिथे उंचसखल करायचे. कल्पना अचूक होती, पण ती पेलणारी इलेक्ट्रॉनिक्स नव्हती.

पुढची दोन-तीन दशके हे तंत्र मुख्यतः अमेरिकी लष्कराच्या पैशावर वाढले, कारण परक्या उपग्रहांचे स्वच्छ फोटो त्यांना हवे होते. हवेची खोड मोजता यावी म्हणून लेझरने आकाशात कृत्रिम तारा उभा करण्याचे त्यांचे काम १९९१ मध्ये खुले झाले. फॉय आणि लाबेरी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हीच युक्ती १९८५ मध्ये स्वतंत्रपणे छापली होती. म्हणजे एकच गोष्ट दोनदा शोधली गेली, हे गुप्ततेचे फळ. खगोलशास्त्रातला खरा प्रारंभ ऑक्टोबर १९८९ चा. फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.५२ मीटर दुर्बिणीवर ‘कम-ऑन’ यंत्रणा बसली. तिच्या लवचिक आरशामागे त्याला वाकवणारे फक्त १९ दट्ट्ये होते.

प्रतिमा तीक्ष्ण करणे आणि ताऱ्याचा झगमगाट दाबणे, ही कामे मात्र वेगळी. दुसऱ्या कामाचे अवजार जुने आहे. ग्रहणाशिवाय सूर्याची प्रभा दिसावी म्हणून बर्नार लियो यांनी १९३० च्या सुमारास सूर्याची चकती झाकणारा कोरोनाग्राफ बनवला होता. दोन्ही अवजारे जोडल्यावर पहिले मोठे यश कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर आले. १९९५ मध्ये जाहीर झालेला ग्लीझ २२९ बी हा तपकिरी बटू, म्हणजे ग्रहाहून मोठा पण तारा होऊ न शकलेला गोळा, तिथे सापडला. याच दुर्बिणीवर २०११ पासून हवेची खोड दुरुस्त करणारी ‘रोबो-एओ’ चालली. अमेरिकेतली कॅलटेक संस्था आणि पुण्याचे आयुका हे खगोलशास्त्र केंद्र यांनी मिळून बनवलेल्या या यंत्रणेत लेझरपासून तारा निवडण्यापर्यंत सगळे यंत्र स्वतःच करत असे. केप्लर अंतराळ दुर्बिणीने शोधलेल्या शेकडो संभाव्य ग्रहांचे तारे तिने तपासले, शेजारी दुसरा तारा लपलेला नाही ना हे पाहायला. ते वेगळ्या प्रकारचे काम, पण आरसा सतत वाकवण्याची विद्या तीच.

नव्वदच्या दशकाअखेरीस एक त्रासदायक गोष्ट उमगली. हवेची दुरुस्ती झाली, तरी ताऱ्याभोवती ठिपके उरतात. काही हवेचे असतात. ते मिनिटभरात एकमेकांत विरघळून गुळगुळीत होतात. काही खुद्द यंत्राचे. भिंगांतल्या बारीक दोषांचा काही भाग प्रकाशाचा तरंग किती वाकडा झाला हे मोजणाऱ्या संवेदकाच्या वाटेवर नसतोच, मग तो दुरुस्त कसा होणार? हे ठिपके तासन्‌तास जागेवर बसतात आणि हुबेहूब ग्रहासारखे दिसतात. यावर निघालेली युक्ती मला फार आवडते. दुर्बीण आकाशाबरोबर फिरते तेव्हा चित्र सरळ ठेवणारी यंत्रणा बंद करायची. ठिपके जागच्या जागी राहतात, ग्रह मात्र चित्रात ताऱ्याभोवती सरकतो, मग ठिपके चित्रातून वजा करता येतात. २००८ मध्ये एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह असेच वेगळे काढले गेले.

पण वजाबाकीने सगळे भागत नाही, ठिपके मुळातच कमी हवेत. म्हणून टेबल. म्युनिकजवळ गार्खिंगला, युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या मुख्यालयात ‘हॉट’ नावाचे टेबल उभे राहिले. त्यावर एक कृत्रिम तारा, फिरत्या काचेच्या चकत्यांची बनावट हवा, लवचिक आरसे आणि एकाच वाटेवर आलटून पालटून तपासता येणारे दोन प्रकारचे संवेदक. पॅसाडीनाला, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत, निर्वात कोठीत वेगळी शर्यत होती. तिथे हवाच नाही, त्यामुळे २००७ मध्ये ताऱ्याचा उरलेला प्रकाश अब्जांशाखाली नेता आला. अंतराळ दुर्बिणीसाठी हे आश्वासक होते. जमिनीवरच्या दुर्बिणीला मात्र तो आकडा स्वप्नातलाच.

मे २०१४ मध्ये चिलीतल्या पारानालला, ८.२ मीटरच्या दुर्बिणीवर ग्रहांची छायाचित्रे घेणाऱ्या ‘स्फीअर’ यंत्रणेने पहिला प्रकाश पाहिला. ४१ बाय ४१ दट्ट्यांची जाळी आणि सेकंदाला हजाराहून अधिक दुरुस्त्या. फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या प्रयोगशाळेत ती यंत्रणा पुरती तपासून निघाली होती. तरी कधीकधी चित्रातल्या ताऱ्याला दोन कान फुटू लागले. लोक त्याला मिकी माउस म्हणू लागले. गंमत म्हणजे हे वारा पडलेल्या, म्हणजे एरवी उत्तम समजल्या जाणाऱ्या रात्री व्हायचे. दुय्यम आरसा धरून ठेवणारे चार बाहू रात्री आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड होत. वारा नसल्यावर त्यांना चिकटलेली थंड हवा तिथेच राही आणि बाहूच्या दोन बाजूंचा प्रकाश एकमेकांच्या मागेपुढे होई. अशी एकदम पडलेली पायरी संवेदकाला धड दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या टेबलावर त्या बाहूंची सावली होती, त्यांचा गारठा नव्हता.

२०१७ मध्ये बाहूंवर उष्णता कमी सोडणारा लेप चढवला आणि कान बरेच आटोक्यात आले. आता युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या ३९ मीटरच्या नव्या दुर्बिणीची तयारी चालू आहे, आणि गार्खिंगमध्ये ‘घोस्ट’ नावाच्या नव्या टेबलावर आरशाला वाऱ्याचा पुढचा झोत आधीच ओळखायला शिकवले जात आहे.