पाणी गेल्यावर उरतं ते चित्र

कलादालनात चित्राशेजारच्या छोट्या पट्टीवर लिहिलेलं असतं, ‘हातकागदाचा लगदा, मिश्र माध्यम’. ते वाचूनही बघणाऱ्याचा हात पुढे जातोच. समोरचा पृष्ठभाग कुठे भेगाळलेल्या जमिनीसारखा, कुठे सायीसारखा. हे प्लास्टर आहे, दगड आहे की कापड, याची डोळ्यांना खात्री पटत नाही. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘हे चिकटवलंय कशानं?’

बहुतेक वेळा कशानंच नाही. मुखवटे किंवा खेळणी करताना लगद्यात खळ, डिंक घालतात. तो प्रकार निराळा. निव्वळ लगद्याच्या चित्रात तंतूच एकमेकांना धरून बसलेले असतात. ती पकड जुळवून देतं पाणी, आणि जुळवून झाली की निघून जातं.

कापूस, लाकूड, अंबाडी, केळीचं सोपट, कशाचाही लगदा घ्या, त्यातला कामाचा भाग म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक ओवलेली ही लांब माळ. तिच्या अंगावर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि शेजारच्या माळेवरच्या तशाच जोड्यांशी त्यांचं आकर्षण असतं. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. असा एक बंध अगदीच दुबळा, पण चौकोनी सेंटिमीटरभर कागदातही ते मोजण्यापलीकडे असतात. अडचण एकच: दोन तंतू अगदी रेणूंच्या अंतरावर आल्याशिवाय ते जुळत नाहीत. कोरडा कापूस कितीही दाबला तरी त्याचा कागद होत नाही, तो याचमुळे.

पाणी ते अंतर मिटवतं. कुंडातल्या पातळ लगद्यात शंभर भागांत तंतू जेमतेम एक भाग असतो, बाकी सगळं पाणी. चाळणीवरून ते गळून जातं, मग दाबानं आणखी निघतं, आणि उरलेलं वाळताना तंतूंमधल्या बारीक फटींत पाण्याचे पडदे राहतात. पृष्ठताणामुळे हे पडदे आक्रसतात आणि दोन्ही बाजूंच्या तंतूंना जवळ ओढतात. शेवटचा थेंब उडेपर्यंत तंतू एकमेकांना भिडलेले असतात. हाच लगदा हायड्रोजन बंधांशी ज्याला देणंघेणं नाही अशा द्रवातून वाळवला, तर हातात येतो तो भुसभुशीत, सहज फाटणारा थर. आणि पाण्यानं जुळवलेलं पाणीच सोडवतं: भिजलेलं वर्तमानपत्र किती अलगद फाटतं ते आठवा.

पण कलाकाराची खरी निवड कुंडाच्या आधीच झालेली असते, लगदा कुटताना. सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये आलेलं ‘हॉलंडर बीटर’ हे यंत्र हातकागदाच्या कार्यशाळांत आजही फिरत असतं. लंबगोल हौदात पात्यांचा रूळ, त्याखालून लगदा पुन्हा पुन्हा जातो. त्यात तंतू थोडेफार तुटतात, पण मुख्य काम म्हणजे ते चेचले जातात, पाणी पिऊन फुगतात आणि त्यांच्या अंगावर सूक्ष्म तुसं उभी राहतात. जितकी तुसं जास्त तितके बंध जास्त. कमी कुटलेल्या लगद्याचा कागद मऊ, टीपकागदासारखा. तासन् तास कुटलेल्याचा कडक, खडखड वाजणारा आणि चक्क अर्धपारदर्शक.

यातच आक्रसण्याची भानगड आहे. वाळताना फुगलेला तंतू जाडीत वीस ते तीस टक्के बारीक होतो, लांबीत मात्र एक-दोन टक्केच. जाळ्यात हे तंतू आडवेतिडवे एकमेकांना बांधलेले, त्यामुळे एकाचं बारीक होणं दुसऱ्याच्या लांबीला चुण्या पाडतं आणि सगळा कागदच आत ओढला जातो. म्हणून साच्यात ओतकाम करणारा कलाकार सरकीला चिकटून राहणारे कापसाचे आखूड तंतू वापरतो. ते कमी आक्रसतात. ज्याला मात्र ताणलेल्या कातड्यासारखा परिणाम हवा असतो, तो केळीच्याच कुळातल्या अबाकाचा लगदा भरपूर कुटतो, तारेच्या सांगाड्यावर ओला पसरतो आणि बाजूला होतो. वाळणारा कागद तार वाकवतो. त्या शिल्पाचा अंतिम आकार कलाकारानं दिलेला नसतोच.

मिश्र माध्यमातला पेच इथेच येतो. ओल्या लगद्यात दाबलेला दोरा, काठी, धातूची पट्टी, यांपैकी काहीच कागदाइतकं आक्रसत नाही. मग कागद फुगतो, मुरडतो, कधी कडेला चिरतो. सपाट फळीला चिकटवून वाळवला तर तो सपाट राहतो, पण ताण आत कोंडलेला असतो. हवा दमट-कोरडी झाली की तो डोकं वर काढतो.

रंगाचं गणित आणखी मजेशीर आहे. पाण्यात सेल्युलोजवर किंचित ऋणभार असतो आणि रंगद्रव्याच्या बहुतेक कणांवरही ऋणभारच. दोघं एकमेकांना दूर ढकलतात आणि रंग पाण्याबरोबर वाहून जातो. त्यामुळे मध्ये धनभार असलेलं पॉलिमर घालतात. ते दोघांनाही धरतं. पाणी नितळ झालं की समजायचं, रंग बसला. पण रंगीत लगदा हा ओला रंग नव्हे. निळा लगदा आणि पिवळा लगदा एकत्र केला तरी कुठलाच तंतू आपला रंग सोडत नाही. हिरवा दिसतो तो दुरून, धूपछाव कापडासारखा. जवळ गेलं की निळं आणि पिवळं वेगळं.

शिवाय ओला लगदा रंगाबाबत फसवतो. कागद पांढरा दिसतो तो तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरल्यामुळे. प्रकाश किती वळतो ते सांगणारा अपवर्तनांक सेल्युलोजचा सुमारे दीड, हवेचा एक. फरक मोठा, म्हणून विखुरणंही भरपूर. हवेच्या जागी १.३३ अपवर्तनांकाचं पाणी आलं की फरक घटतो, प्रकाश आरपार जातो आणि रंग गडद दिसतो. सकाळी ओतलेला गर्द निळा दोन दिवसांनी फिका झालेला असतो. भरपूर कुटलेला कागद अर्धपारदर्शक का, याचंही उत्तर हेच: त्यात हवेला जागाच उरत नाही.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात, मुद्रक केनेथ टायलर यांच्या कार्यशाळेत, पोहण्याच्या तलावाची चित्रं अशा रंगीत लगद्यातून केली. धातूच्या पट्ट्यांचे साचे मांडायचे, त्यांत लगदा ओतायचा, साचे उचलायचे, दाब द्यायचा. पाण्याचं चित्र पाण्यातूनच. त्यांतल्या कडा किंचित विरघळल्यासारख्या दिसतात, कारण साचा उचलताच शेजारच्या दोन रंगांचे तंतू एकमेकांत शिरतात.

मला मात्र त्याहून मोठं काम सोमनाथ होर यांचं वाटतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणाऱ्या या कलाकारानं सत्तरच्या दशकात ‘जखमा’ ही मालिका केली. मेणाच्या किंवा मातीच्या पत्र्यावर सुरीनं, तापवलेल्या सळईनं वार करायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं. दिसते ती फक्त सावली. दिवा समोरून लावला तर चित्र जवळजवळ नाहीसं होतं, बाजूनं लावला तर कातडी फाटलेली दिसते. विखुरणाऱ्या प्रकाशाच्या भौतिकशास्त्राचा इतका निर्दय उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

अशी कामं टिकतात किती? शुद्ध कापसाचा, आम्ल नसलेला कागद शतकं काढतो. लाकडाच्या कच्च्या लगद्यातलं लिग्निन, म्हणजे झाडात तंतूंना जोडून ठेवणारा पदार्थ, उजेडात पिवळं पडतं आणि आम्ल सेल्युलोजच्या माळा मध्येच तोडतं. म्हणून लगद्यात थोडा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, मिसळतात; आम्ल तयार झालं तर आधी तो खर्ची पडतो. संग्रहालयात अशा कामांवर उजेडही मंदच, साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात.

मिश्र माध्यमात खडूची मात्रा पुरत नाही. ओल्या लगद्यात लोखंडी खिळा दाबला की तो गंजतो आणि लोहाचे आयन आसपासच्या सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण वेगानं घडवून आणतात. काही कलाकारांना तो तांबूस, पसरत जाणारा डाग हवाच असतो, खिळा ते त्यासाठीच दाबतात. कागद आधी तिथूनच ठिसूळ होणार हेही त्यांना ठाऊक असतं. विकत घेणाऱ्याला ते सांगितलेलं असतंच असं नाही.